घाई नसली तरी कट-ऑफ असतो

वाचकाचं पत्र: मी ४७ वर्षांची, बडोद्याला दांडिया बाजारात राहते, नोकरी करते. चार वर्षांपासून पळते. दोन हाफ मॅरेथॉन झाल्या, दोन्ही २ तास ४० मिनिटांच्या आसपास. येत्या जानेवारीत मुंबईची फुल मॅरेथॉन नोंदवली आहे. मला टायमिंगचं काही पडलेलं नाही. सी लिंकवरून पायी जायचंय, रस्त्यावरच्या माणसांना टाळ्या द्यायच्या, फोटो काढायचे आणि मेडल घेऊन घरी यायचं. पण आमच्या ग्रुपमध्ये जो तो विचारतो, ‘टार्गेट काय?’ एकांनी तर सांगितलं, चालायचंच असेल तर खऱ्या रनरची जागा अडवू नका. घरी मिस्टर म्हणतात, मजेसाठीच जायचंय तर एवढी तयारी कशाला? त्यातून शर्यत उत्तरायणाला, म्हणजे संक्रांतीला, लागूनच येते, घर पाहुण्यांनी भरलेलं असतं. कशी तयारी करू?

ताई,

आधी तुमच्या ग्रुपमधल्या त्या सद्गृहस्थांचं. फी भरली, बिब (छातीवर लावायचा नंबर) तुमच्या नावावर आला की जागा तुमची. मॅरेथॉनमध्ये चालायला कुठल्याही नियमात मनाई नाही. आयोजक कट-ऑफ, म्हणजे शर्यत संपवायची शेवटची वेळ, ठेवतात तो सावकाश येणाऱ्यांसाठीच, आणि त्याच्या आत रेषा ओलांडणारा प्रत्येक जण फिनिशर असतो. हा विषय इथेच संपला.

तुमच्या मिस्टरांचा प्रश्न मात्र नीट उत्तर देण्यासारखा आहे. ‘मजेसाठी जायचंय, मग तयारी थोडी कमी चालेल’ या समजुतीनेच सगळ्यात जास्त माणसं गोत्यात येतात. साडेतीन तासांत संपवणारा रनर ऊन चढायच्या आत आंघोळ करून मोकळा होतो. तुम्ही अकरा वाजेपर्यंत रस्त्यावर असणार. ऊन, घाम, मीठ, पायाचे फोड, पोटातली गडबड हे सगळं तुमच्या वाट्याला त्याच्यापेक्षा जास्त वेळ येणार. आणि ज्यासाठी जायचं ते अनुभवायला अंगात त्राण लागतं. तिसाव्या किलोमीटरनंतर पाय उचलेनासे झाले, की बँड, समुद्र, टाळ्या यातलं काही दिसत नाही. पुढच्या माणसाच्या टाचा तेवढ्या दिसतात. म्हणून तुमची सगळी आखणी एकाच गोष्टीसाठी करायची: पस्तिसाव्या किलोमीटरला मान वर असली पाहिजे.

आता हिशोब. २:४० ची हाफ म्हणजे किलोमीटरला साधारण ७ मिनिटं ३५ सेकंद. फुलचा अंदाज काढताना हाफची वेळ दुप्पट करून वर पंधरावीस मिनिटं धरतात, पण तो कोरड्या, थंड हवेतल्या आणि सतत पळणाऱ्या माणसाचा अंदाज. मुंबईची दमट हवा, गर्दी आणि तुमचे फोटो धरून सहा तास हा आकडा मनाशी ठेवा. सहा तासांचा वेग किलोमीटरला ८:३२ पडतो, साडेसहाचा ९:१५, सात तासांचा ९:५७. नोंदणीनंतर येणाऱ्या माहितीपत्रात तीन गोष्टी शोधून कागदावर उतरवा: एकूण कट-ऑफ किती, तो शर्यत सुटल्याच्या तोफेपासून मोजतात की तुमच्या वेव्हपासून (सुरुवातीला सोडल्या जाणाऱ्या तुमच्या तुकडीपासून), आणि मधल्या कुठल्या टप्प्यांवर रस्ता वाहनांना उघडायची वेळ ठरलेली आहे. लोक अंतिम कट-ऑफ लक्षात ठेवतात आणि मधल्या टप्प्यावर मागे पडलेल्यांना उचलणाऱ्या बसमध्ये बसवले जातात. ती बस टाळणं हेच तुमचं टार्गेट. ग्रुपमध्ये कोणी विचारलं तर हेच सांगा.

आमची शिफारस धाव-चाल पद्धतीची: ४ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं, अगदी पहिल्या किलोमीटरपासून. पळताना किलोमीटरला ८ मिनिटांचा वेग, चालताना ११ चा. सरासरी ८:२८ येते आणि ४२.१९५ किलोमीटर ५ तास ५७ मिनिटांत होतात. पाणी, टॉयलेट, फोटो यांना बारापंधरा मिनिटं दिली तरी सव्वासहाच्या आत. यात चुकतं ते दोन ठिकाणी. पहिलं, लोक ‘अजून दमले नाही’ म्हणून सुरुवातीचे चालण्याचे ब्रेक गाळतात आणि अठ्ठाविसाव्या किलोमीटरपासून नाइलाजाने चालू लागतात. तोवर मांड्यांचे स्नायू गेलेले असतात, मग एका मिनिटाची विश्रांती कामाची नाही. दुसरं, चालण्याचं मिनिट बागेत फिरल्यासारखं जातं. ११ चा वेग म्हणजे भाजी आणायच्या चालीपेक्षा बराच जास्त, हात कोपरात वाकवून ढांगा टाकत चालणं. कमाटी बागेत एक किलोमीटर मोजून तेवढंच चालून पाहा. बहुतेकांचं पहिल्यांदा १३ येतं. सहा तासांच्या पेसरचा (ठरलेल्या वेळेत नेण्यासाठी पुढे पळणाऱ्याचा) घोळका दिसला तरी त्याच्या मागे लागू नका. पेसर एका लयीत जातो, तुमची लय वेगळी. पाच मिनिटांतून एकदा मागे पडून पुन्हा गाठायला धावलात तर दहा किलोमीटरमध्ये दमाल.

तयारीला १८ आठवडे धरा. शर्यत जानेवारीतल्या तिसऱ्या रविवारी असते, म्हणजे सप्टेंबरच्या मध्यापासून. आठवड्यात चार दिवस पळणं पुरे: दोन दिवस ६ ते ८ किलोमीटर, एक दिवस १० ते १२, आणि रविवारी लाँग रन, म्हणजे आठवड्यातलं सगळ्यात लांब पळणं. लाँग रन १६ पासून सुरू करून दर आठवड्याला २ किलोमीटर वाढवायचा आणि दर तिसऱ्या-चौथ्या आठवड्याला ६-८ किलोमीटरने खाली आणायचा. सगळ्यात लांब ३० किलोमीटर, दोनदा. तुमच्या वेगाने तो सव्वाचार तासांचा होतो आणि तिथे थांबायचं. वेगवान लोक ३५ करतात ते ऐकू नका. त्यांना त्यालाही एवढा वेळ लागत नाही. साडेचार तासांपुढे शरीराची झीज जास्त आणि फायदा थोडा. दुसरा ३० चा रन शर्यतीच्या तीन आठवडे आधी, म्हणजे डिसेंबरच्या शेवटच्या आठवड्यात येईल असं बघा. आणि सुरुवात करण्याआधी फिजिशियनकडे जाऊन ईसीजी, बीपी, साखर तपासून घ्या. घरात कोणाला लहान वयात हृदयविकार झाला असेल तर ते डॉक्टरांना आपणहून सांगा.

मध्ये नवरात्र येते. बडोद्यात राहून गरब्याला जाऊ नका म्हणणारा सल्लागार शहाणा नव्हे. फक्त गरबा हा व्यायामात धरा. मातीवर अनवाणी दोन-तीन तास उड्या म्हणजे पोटऱ्या आणि टाचेखालचा पडदा यांना चांगलाच ताण. दुसऱ्या दिवशी पहाटे बूट घालून दहा किलोमीटर पळणाऱ्यांना दिवाळीपर्यंत टाच धरून बसावं लागतं. त्या नऊ दिवसांत पळण्याचे दोन दिवस ठेवा, तेही सपाटीवर ५-६ किलोमीटर, आणि तो आठवडा लाँग रन कमी करायचा आठवडा म्हणून धरा.

बडोदं सपाट आहे, ही आपल्या तयारीतली मोठी उणीव. मुंबईच्या मार्गात काही वर्षांनी फेरफार होत असतात, म्हणून नकाशा शर्यतीच्या महिनाभर आधी उतरवून घ्या. पण परतीच्या वाटेवर पस्तिसाव्या किलोमीटरनंतर लागणारा पेडर रोडचा चढ ही या शर्यतीची जुनी ओळख. तुमच्या वर्षीच्या नकाशात तो असो वा नसो, दमलेल्या पायांनी चढ घ्यायची सवय करून ठेवा. अकोटा-दांडिया बाजार पूल तुमच्या घराजवळच आहे. लाँग रन अशा बेताने आखा की शेवटचे ४ किलोमीटर त्या पुलावर ये-जा करण्यात जातील. चढताना पावलं लहान, नजर पाचसहा मीटरवर, वेगाकडे दुर्लक्ष. उतरताना टाच आपटत ब्रेक लावू नका, कारण मांड्यांच्या पुढच्या स्नायूंची वाट उतारच लावतो. याच कारणाने डिसेंबरच्या शेवटी ‘चढाचा सराव’ म्हणून पावागड करू नका. चढणं चांगलं, पण त्या पायऱ्या उतरून आलेल्या मांड्या आठवडाभर बोलतात. नोव्हेंबरमध्ये खुशाल जा.

हवेचं काय? जानेवारीत बडोद्याची पहाट ११-१३ अंशांची आणि कोरडी. मुंबईत त्याच वेळी पारा कितीतरी वर असतो आणि हवेत दमटपणा. घाम वाळत नाही, अंगावरून नुसता ओघळतो, आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. बडोद्याच्या थंडीत सहज निघणारा वेग तिथे पंधराव्या किलोमीटरपासून जड वाटू लागतो. यावर उपाय म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरचे लाँग रन पहाटे पाचला न सुरू करता साडेसहाला सुरू करा, म्हणजे शेवटचा तास साडेनऊ-साडेदहाच्या उन्हात जाईल. शर्यतीआधीच्या दोन आठवड्यांत जमेल तेव्हा हलका रन सकाळी दहाला घ्या. शरीराला उकाड्याची सवय व्हायला दहा-चौदा दिवस लागतात. ऑफिसमुळे रोज जमणार नाही, पण शनिवार-रविवार जरी केलंत तरी फरक पडतो. टोपी, गॉगल आणि मानेला सनस्क्रीन हे त्याच वेळी वापरून पाहा. टोपी कपाळाला काचते का, हे शर्यतीच्या दिवशी कळून उपयोग नाही.

पाण्याबद्दल सगळे ‘भरपूर प्या’ सांगतात. तुमच्यासाठी तो सल्ला धोक्याचा आहे. सावकाश जाणाऱ्याला दर टेबलावर थांबायला सवड असते. दोन-अडीच किलोमीटरवर एक स्टेशन, प्रत्येक ठिकाणी अर्धी बाटली, असं सहा तास केलं तर रक्तातलं मीठ पातळ होतं. मळमळ, डोकेदुखी, बोटं सुजणं, अंगठी आणि बांगड्या घट्ट होणं ही त्याची खूण. लोकांना ते पाणी कमी पडल्याचं लक्षण वाटतं आणि ते आणखी पितात. तुमचं माप घरी काढा: लाँग रनच्या आधी आणि नंतर कोरड्या अंगाने वजन करा, प्यालेलं पाणी मांडा. दीड-दोन तासांत एक किलो घटलं तर ठीक आहे. वजन वाढलं तर तुम्ही जास्त पिताय. साधारणपणे तासाला ४०० ते ६०० मिलिलिटर, तहान लागेल तसं, यात तुमचं काम भागावं. त्यातलं निम्मं ओआरएस असू द्या. २०० मिलिलिटरची लहान पाकिटं कमरेच्या पट्ट्यात चार मावतात. पाकिटावर डब्ल्यूएचओचं सूत्र लिहिलेलं बघून घ्या. चवीला गोड सरबतं निराळी. पाकिट लिहिलेल्या मापातच कालवा. अर्ध्या पाण्यात घट्ट कालवलं तर पोट ढवळतं.

खाण्याचं गणित तासाला ३० ते ६० ग्रॅम कर्बोदकांचं. एका जेलमधून (पळताना चोखायचा साखरेचा घट्ट पाक) २० ते २५ ग्रॅम मिळतात, मध्यम केळ्यातून तेवढेच, चार-पाच खजुरांतूनही साधारण तेवढेच. पहिला घास पाऊण तासाला, मग दर ४० मिनिटांनी, भूक लागायची वाट न पाहता. जेल नेहमी साध्या पाण्याबरोबर. ओआरएसबरोबर घेतलं तर पोटात साखर साचते आणि मग टॉयलेट शोधावं लागतं. निदान पाच लाँग रनमध्ये हेच, याच क्रमाने खाऊन पाहा. मुंबईत रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी लोक चिक्की, संत्र्याच्या फोडी, बिस्किटं, मीठ, सरबत हातावर ठेवतात. तो त्या शर्यतीतला खरा आनंद आहे, आणि तो घ्याच. फक्त पोटाने आधी पाहिलेला पदार्थच तोंडात टाका, बाकीचा नमस्कार करून पुढच्याला द्या. कोणी स्प्रे मारू लागला तर गुडघ्यावर नको, पोटरीवर चालेल. आणि वेदनाशामक गोळी, विशेषतः आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक, शर्यतीच्या आधी किंवा मध्ये अजिबात नको. घामाने पाणी कमी झालेलं असताना ती गोळी मूत्रपिंडावर भारी पडते.

आता तुमची खरी अडचण, उत्तरायण. तिसरा रविवार १५ ते २१ तारखेच्या मध्ये कुठेही पडतो, म्हणजे १४ आणि १५ (वासी उत्तरायण) हे दिवस बहुतेकदा शर्यतीच्या आधीच्या आठवड्यातच असतात, कधीकधी अगदी आदल्या दिवशी. हा टेपरचा आठवडा, पायांना विश्रांतीचा. गच्चीवर सकाळी सातपासून रात्री पतंगाच्या दोरीला लावायच्या दिव्यांपर्यंत (तुक्कल) उभं राहणं म्हणजे १२ तास ताठ पाय, मान वर, डोक्यावर ऊन. तेव्हा गच्चीवर एक खुर्ची न्या आणि फिरकी धरायचं काम घ्या. पतंग भाचेकंपनीला उडवू द्या. दर तासाला खाली येऊन वीस मिनिटं पाय भिंतीला लावून पडा. पायरी उतरताना घाई नको, ‘काय पो छे’ ऐकून धावत कठड्याकडे जाताना घोटा मुरगळलेले पुष्कळ आहेत. मांजाने बोट चिरलं तर चार दिवसांनी पाण्याची बाटली उघडतानाही झोंबतं, म्हणून टेप गुंडाळा.

त्या आठवड्यातले छोटे रन १३ ते १६ तारखांना रस्त्यावर घेऊ नका. खांबाखांबांमधून लोंबणारा आणि रस्त्यावर पडलेला मांजा पहाटेच्या अंधारात दिसत नाही. तो गळ्याला, नडगीला कापतो किंवा बुटात अडकून तोंडावर पाडतो. एखाद्या मोकळ्या मैदानात, उजाडल्यावर, गळ्याला रुमाल बांधून २०-२५ मिनिटं पळा किंवा सरळ ट्रेडमिल घ्या. न पळालात तरी काही बिघडत नाही. शेवटच्या आठवड्यात कमावण्यासारखं काही उरलेलं नसतं.

जेवणाचं म्हणाल तर उंधियूवर पाणी सोडू नका, पण शर्यतीआधीचे ४८ तास तो नको. पापडी, कंद, रताळं, वर तेलाचा तवंग. चोथा आणि तेल दोन्ही पोटात रेंगाळतात आणि सी लिंकवर त्याचा जाब विचारतात. जिलेबी चालेल. तिळगूळ चालेल. गुळाची पोळी तर उत्तमच, फक्त वरचं तूप अर्ध्यावर आणा आणि आदल्या दिवशी दोनवर थांबा. शेवटचे दोन दिवस ताटात भात, बटाटा, मुगाची खिचडी, केळी यांचं प्रमाण वाढवा. कोशिंबीर, उसळ, कच्ची भाजी कमी करा. सेव-उसळ सोमवारनंतर.

पाहुण्यांना आधीच सांगून ठेवा की तुम्ही शुक्रवारी, फार तर शनिवारी पहाटे निघणार. बिब शर्यतीच्या दिवशी मिळत नाही. तो आधीच्या दिवसांत एक्स्पोवर (शर्यतीआधीच्या प्रदर्शनात) स्वतः जाऊन, ओळखपत्र दाखवून घ्यावा लागतो, आणि गेली काही वर्षं एक्स्पो वांद्र्याच्या बीकेसीला भरतो. शनिवारी दुपारी तिथे तास-दोन तास उभं राहणं म्हणजे आठवडाभर जपलेले पाय वाया. शुक्रवारी संध्याकाळी काम उरका. तिथे मिळालेला नवा टी-शर्ट, नवे मोजे, सूट लावलेले बूट यातलं काही रविवारी अंगावर चढवू नका. राहायचं ठिकाण शक्यतो दक्षिण मुंबईत, चालत जाता येईल असं. उपनगरात नातेवाइकांकडे राहणार असाल तर पहाटेच्या लोकलची वेळ आदल्या दिवशी पाहून ठेवा. बहुतेक वर्षी रेल्वे ज्यादा गाड्या सोडते, टॅक्सीच्या भरवशावर मात्र राहू नका, रस्ते लवकर बंद होतात.

शनिवारी रात्री सातला वरण-भात, लिंबू, थोडं तूप. टी-शर्टाला बिब चार पिनांनी लावून ठेवा. वेळ मोजणारी चिप बिबच्या मागे असते, ती दुमडू नका. छातीवर मोठ्या देवनागरीत तुमचं नाव आणि खाली ‘बडोदा’ लिहून घ्या. मुंबईच्या रस्त्यावर मराठी आणि गुजराती दोन्ही लोक असतात, दर शंभर मीटरवर कोणी ना कोणी नावाने ओरडेल, आणि अडतिसाव्या किलोमीटरला ते जेलपेक्षा जास्त कामाला येतं. झोप लागली नाही तर काळजी करू नका. शुक्रवारची झोप महत्त्वाची, शनिवारची कोणालाच लागत नाही.

फुलची सुरुवात पहाटे पाचच्या सुमाराला, सीएसएमटीपाशी. अडीचला उठून चहा, दोन ब्रेड-जॅम किंवा केळं, आणि सुरुवातीच्या दोन तास आधीपर्यंत ४०० मिलिलिटर पाणी. मग घोट-दोन घोट. मांड्यांच्या आत, काखेत, ब्राच्या पट्ट्याखाली, कमरेच्या पट्ट्याच्या रेषेत पेट्रोलियम जेली जाड थरात लावा. दमट हवेत सोलवटायला दहा किलोमीटर पुरतात, आणि त्यावर घाम उतरला की पुढचा सगळा रस्ता आग. पाळीची तारीख त्या सुमाराला येत असेल तर पॅड, कप, जे वापरता त्यावर आधी एक लाँग रन करून बघा. पॅडची कड मांडीला कापते ही बायकांची नेहमीची तक्रार आहे आणि कोणी सांगत नाही. टॉयलेटच्या रांगा सुरुवातीला आणि पहिल्या आठ-दहा किलोमीटरला सगळ्यात लांब, पुढे मोकळी असतात.

तोफ झाल्यावर तुमची वेव्ह रेषेवर पोचायला आठ-दहा मिनिटं जातील. तुमची वेळ चिप ओलांडेल तिथून मोजली जाते, तेव्हा घाबरून गर्दीत वाटा काढू नका. मॅरेथॉनचं अंतर रस्त्याच्या सगळ्यात जवळच्या रेषेवर मोजलेलं असतं. नागमोडी पळून, प्रत्येक मुलाला टाळी द्यायला दोन्ही कडांना जाऊन घड्याळात ४३ किलोमीटर सहज होतात. एक कडा धरा, शक्यतो डावी, चालणाऱ्यांची. टाळ्या त्याच बाजूच्या पोरांना. चालायला लागण्याआधी हात वर करा, मागच्याला कळलं पाहिजे. तिघी मैत्रिणी शेजारी-शेजारी गप्पा मारत रस्ता अडवून चालतात तेव्हा तुमच्या त्या सद्गृहस्थांसारख्यांना बोलायला जागा मिळते.

फोटोंसाठी आधीच सहा जागा ठरवा आणि त्या चालण्याच्या मिनिटात बसवा. ४० सेकंदांचा एक, म्हणजे एकूण चार मिनिटं. दर वेळी कडेला सरून, मागे बघून मगच थांबा. सूर्योदय सव्वासातच्या सुमाराला. तुम्ही ५:१० ला रेषा ओलांडली तर दहावा किलोमीटर ६:३५ ला येतो, म्हणजे तोवरचे फोटो अंधारातलेच. सी लिंकवर एरवी पायी जाऊ देत नाहीत, म्हणून तिथे सगळेच थांबतात आणि तिथेच मागून येणारे आदळतात. कठड्यालगत या. वाऱ्यावर टोपी सांभाळा, आणि पुलाच्या मध्यापर्यंतचा चढ डोळ्यांना कळत नाही पण पायांना कळतो, हे ध्यानात असू द्या.

घरच्यांना कागदावर लिहून द्या: अर्धं अंतर ८:१०, तीस किलोमीटर ९:२५, छत्तीस १०:१५, शेवट ११:०५ ते ११:२५. अ‍ॅपवरचं ट्रॅकिंग रेंगाळतं, त्यावर भांडू नका. रस्ता ओलांडता येत नाही, म्हणून त्यांनी मरीन ड्राइव्हला एकाच बाजूला उभं राहावं आणि शेवटाला जायला लोकल घ्यावी. भेटायची जागा फिनिशच्या गर्दीत नको, बाहेरची एखादी खूण ठरवा, फोन बंद पडला तरी सापडेल अशी. मिस्टरांना नुसतं उभं राहायचा कंटाळा येणार असेल तर त्याच दिवशी सहा किलोमीटरच्या आसपासची ड्रीम रन असते, त्यांचं नाव घाला. नोंदणी वेळेत करा, ती लवकर भरते.

वाटेत छातीत दडपण आलं, डोळ्यांपुढे अंधारी आली, घाम एकदम थांबून अंगावर शहारे आले किंवा बोलताना शब्द जुळेनासे झाले तर तिथेच मेडिकल तंबू गाठा. पायाचा फोड, बोटाचं नख काळं पडणं, पोटरीत गोळा यांसाठी थांबायची गरज नाही. गोळा आला तर भिंतीला हात लावून अर्धा मिनिट ताण द्या, ओआरएसचे चार घोट घ्या आणि पुढचे दोन किलोमीटर २ मिनिटं पळणं, १ मिनिट चालणं असं करा.

रेषा ओलांडल्यावर लगेच बसू नका, दहा-पंधरा मिनिटं चालत राहा, मग सावलीत बसा. परतीचं तिकीट रविवार रात्रीचं काढलं असेल तर बदला आणि सोमवारचं घ्या; जमत नसेल तर निदान लोअर बर्थ बघा. वरच्या बर्थवर चढता येईल, उतरताना मांड्या साथ देणार नाहीत. स्टेशनचे पूलही उतरतानाच त्रास देतात, लिफ्ट असेल तर सरळ ती घ्या, किंवा कठडा धरून तिरके उतरा. पहिले पाच-सहा दिवस पळू नका, कमाटी बागेत अर्धा तास चाला. काळं झालेलं नख ओढू नका, ते आपोआप सुटून येतं. ऑफिसला मंगळवारचीही रजा टाका.